सर्दीवर पाजलेली मोहाची दारू

मैत्रिणींनो, मी अड्याळजवळच्या एका गावात नर्स आहे. आज दुपारी एक आजी तीन वर्षांच्या नातीला कडेवर घेऊन धावत आली. पोर बेशुद्ध होती, अंग थंडगार, तोंडाला मोहाच्या दारूचा वास.

"सर्दी झाली होती जी, म्हणून अर्धी वाटी पाजली," आजी म्हणाली. "इच्या बापालेबी मी अशीच देत होती."

दारूनं रक्तातली साखर पार उतरली होती. सलाईन लावून भंडाऱ्याला पाठवलं, पण पोर वाटेतच गेली.

दारात जमलेल्या बायकांना मी हात जोडून सांगितलं, लेकरांना दारू पाजू नका.

एकीनं विचारलं, "मंग सिस्टर, किती पाजाव?"

वीस वर्षं हेच सांगतेय. तुमच्या गावात तरी कोणी ऐकतं का?