पिवळ्या होडीच्या बाजूनं

देवणीचे बैल पाहायला लांबून लोक येतात; देवणीजवळच्या आमच्या वैजनाथमामाला पाहायला कुणी येत नाही. खरं तर तोच जास्त नवलाचा. ज्या गावचा तलाव होळीलाच तळ दाखवतो, त्या गावचा हा माणूस शिडांच्या होड्यांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींचा पंच आहे. फौजेत असताना हैदराबादला हुसेनसागरावर शीड धरायला शिकला, शर्यती खेळला आणि निवृत्तीनंतर पंच झाला. इंग्रजी मोडकंतोडकं, पण नियम तोंडपाठ. अधूनमधून बोलावणं येतं, की निघाला बॅग भरून कुठल्यातरी देशाला. गावात विचाराल तर सांगतील, "वैजनाथ व्हय? त्यो परदेशात नावा हाकतो."

मला मामाचं कौतुक आहे आणि त्याचा रागही आहे. दोन्ही एकाच वेळी येतं, त्याला मी तरी काय करू?

त्याची शर्यत दोनच होड्यांची. एकीवर निळा झेंडा, दुसरीवर पिवळा. मागून मोटारबोटीत दोन पंच. एकानं निळीची बाजू धरायची, दुसऱ्यानं पिवळीची, आणि आपणच ती होडी आहोत असं मोठ्यानं बोलत राहायचं. "मी निळी, वारा माझ्या उजव्या अंगाला, वाट माझी." "मी पिवळी, मी वाट सोडतेय." वाद उठला की दोघांचं बोलणं जुळवून तिथल्या तिथं निकाल. मामा आमच्या घरी येऊन दोन्ही आवाज काढून दाखवायचा आणि माझी आई, म्हणजे त्याची एकुलती धाकटी बहीण सिंधू, पोट धरून हसायची.

आजोबा गेले त्या वर्षी याच मामानं आईला देवणीच्या कचेरीत नेलं आणि जमिनीतल्या वाट्यावरचा हक्क सोडल्याची सही तिच्याकडून घेतली. आमच्याकडे बहिणी अशी सही करतातच. जी करत नाही, तिचं माहेर तुटतं. "मी हाय न्हवं तुला?" मामा म्हणाला होता. सही झाल्यावर त्यानं तिला साडी घेतली आणि स्टँडसमोरच्या हॉटेलात भजी खाऊ घातली.

पुढं माझे वडील गेले. आईनं लातूरला खोली केली आणि क्लासच्या पोरांचे डबे सुरू केले. पहाटे उठून पोळ्या लाटायची, त्या दुपारपर्यंत. मामा प्रत्येक देशातून तिच्यासाठी शर्यतीची टोपी आणायचा. अन्नात केस पडू नयेत म्हणून आई ती घालायची. परदेशी टोपी घालून पोळ्या लाटणारी बाई अख्ख्या लातुरात तीच असेल. माझा राग त्या टोप्यांवर आहे.

गेल्या वर्षी मामा एका शर्यतीहून परतला तो तोंड पाडूनच. पंचमीला आई आणि मी, दोघी तिच्या माहेरी गेलो. मामी आत दिंडं उकडत होती. मामा आईपुढं येऊन बसला.

"सिंधे, तिकडं चूक झाली माझ्या हातून. मी निळीकडून बोलत होतो. पिवळीवाल्या जोडीदाराला बोट लागली, उलटी आली, त्यो गप झाला. म्या थांबायचं सोडून पिवळीला दंड देऊन मोकळा झालो. सांजच्याला मोठा पंच म्हणला, एकाच होडीचं ऐकून निकाल कसा दिलास?"

"मंग? व्हतंय एखाद्यावक्ती."

"एखाद्यावक्ती न्हाई गं." मामा म्हणाला. "देवणीच्या कचेरीत बी मी एकलाच बोलत होतो. तुझ्या बाजूनं कुणी बोललंच न्हाई. मोठा पंच बोलल्यापासून झोप लागंना झालीय. पाप केलं मी."

आईनं विचारलं, "दंड म्हंजे काय करावं लागतंय त्या होडीला?"

"गरकन वळसा घ्यायचा. मागं पडती ती."

"लगेच घ्यायचा?"

"न्हाई. शर्यत संपायच्या आत कवाबी."

"अन् घेतलाच न्हाई तर?"

"तर म्होरं जाऊन बी शर्यत पुरी झाली असं धरत न्हाईत."

आतून मामी म्हणाली, "कशाला जुनं उकरायलाव? वन्सं काय मागायल्यात का काही?"

आता आई म्हणणार, जाऊ दे दादा. आम्हा सगळ्यांना तेच वाटलं. मामाही त्याचीच वाट पाहत होता. रडून मोकळं व्हायची त्याची सगळी तयारी झाली होती.

"मंग माझं नाव लाव सातबाऱ्याला," आई म्हणाली.

मामीच्या हातातलं झाकण हातातच राहिलं. मामाचा चेहरा असा पडला, की क्षणभर मलाच वाईट वाटलं. मग त्यानं मान डोलावली.

मधे महिना गेला. मामीनं अबोला धरला, भावकीनं मामाला वेड्यात काढलं. तरी तो लातूरला येऊन आईला घेऊन गेला, मीही गेले. देवणीच्या कचेरीतला कारकून कागद पाहून हसला. "बहिणीच्या नावानं? उलटं तर लिहिलं न्हाई ना मालक?"

"न्हाई, बराबर हाय."

"बाई, तुमचं काही म्हणणं?"

"तिचं काय..." मामा सवयीनं बोलून गेला आणि तोंडावर हात ठेवून गप्प झाला.

"हाय म्हणणं," आई म्हणाली. "माझा वाटा मला पायजे." आणि तिनं सही केली.

बाहेर आल्यावर ती आम्हाला स्टँडसमोरच्या त्याच हॉटेलात घेऊन गेली. भजी तिनं मागवली. मामानं एक उचललं आणि तसंच बशीत परत ठेवलं. खाली बघत म्हणाला, "जात न्हाई गं घशाखाली."

"खा की दादा," आई म्हणाली. "म्या बी खाल्ली होती की तवा."