मंगलची मॅरेथॉन, नातेपुत्याच्या मांडवातून

पहाटे सोलापूरच्या एसटी स्टँडवर उभी असताना मी स्वतःला विचारलं, जी शर्यत युरोपात होणार आहे आणि घरच्या टीव्हीवर फुकट दिसणार आहे, ती पाहायला नातेपुत्याला कशासाठी जायचं? उत्तर सुचायच्या आत बस लागली आणि मी चढले. माझे बरेचसे प्रवास असेच सुरू झाले आहेत.

कारण तसं होतं. बिरा दर हिवाळ्यात घोंगड्या घेऊन आमच्या कॉलनीत येतो. या खेपेला तो भर पावसाळ्यात आला, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. त्याची धाकटी बहीण मंगल जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत बायकांच्या मॅरेथॉनसाठी निवडली गेली होती. "बाई, तुमी या की त्या दिवशी," तो म्हणाला. "गावात मांडव घालत्यात, मोठा पडदा लावत्यात. मी पळापळीत असणार. आई एकटी बसंल पुढाऱ्यांच्यात." मी कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवला आहे. पुढाऱ्यांच्यात एकटं बसणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं.

कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "नातेपुत्यात काय काम काढलंत?"

"शर्यत बघायला चाललेय."

"बैलांची?"

"बायकांची."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, सुटे पैसे हातावर ठेवले आणि पुढं मोहोळपर्यंत माझ्या बाजूला फिरकला नाही.

मोहोळला चहा झाला. पिशवीत घरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती, पण घास उतरेना. जणू मलाच पळायचं होतं. वेळापूर मागं पडलं तसा रस्त्याचा रंग बदलू लागला. कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस, वरच्या अंगाला कुसळांचा माळ. श्रावण लागून गेला होता तरी माळावरची हिरवळ उसनी आणल्यासारखी दिसत होती.

नातेपुत्यात उतरल्याबरोबर मंगल भेटली, म्हणजे फ्लेक्सवर. चौकातल्या त्या फ्लेक्सवर वरच्या ओळीत चार नेते होते, मधल्या ओळीत सहा, आणि सगळ्यात खाली कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढी मंगल. तिच्या नावामागं 'सुवर्णकन्या' लिहिलं होतं. शर्यत सुरू व्हायला अजून तासभर होता.

बिरा मोटारसायकलवर घ्यायला आला. चौकात फार वेळ थांबायला तो तयार नव्हता. वाटेत त्यानं गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद करून म्हणाला, "मांडवात बोलता याचं न्हाय, म्हणून हितंच सांगतो. पळण्याचं काय न्हाय बाई. पळती लई भारी. पाण्याचं हाय."

गोष्ट अशी होती. मंगल सहा-सात वर्षांची असल्यापासून आईबरोबर खांडव्यामागं (मेंढरांच्या कळपामागं) चालायची. त्यांच्या घरची रीत अशी, की चालत्या खांडव्यामागं माणसानं पाणी प्यायचं नाही. मेंढरं पाणवठ्यावर पोचली, ती प्याली, की मग आपण. खांद्यावर पाण्याची बाटली असली तरी ती कोकरांसाठी. मंगलला ही रीत इतकी भिनली, की शिबिरात आल्यावर कोचना तिला पळता पळता पाणी प्यायला नव्यानं शिकवावं लागलं. सरावात ती पिते. पण शर्यतीत दम लागला, की हात बाटलीकडं जातच नाही. गेल्या वर्षी एका मोठ्या शर्यतीत ती एकामागून एक पाण्याची टेबलं ओलांडत गेली आणि तिसाव्या किलोमीटरच्या पुढं रस्त्यावर कोसळली. शुद्धीवर यायला दुसरा दिवस उजाडला.

"औंदा तितंबी ऊन लई हाय म्हणत्यात," बिरा म्हणाला. "आईला कोचनी फोन केलता. तुमी सांगा पोरीला, तुमचं ऐकंल म्हणून. आईनं सांगितलं. मंगी म्हणली, व्हय पिते की. ती सगळ्यालाच व्हय म्हणती."

मांडव बाजारतळावर होता. पुढं पांढऱ्या खोळींच्या खुर्च्या, त्यापुढं सोफा, सोफ्यावर हिराबाई. मंगलची आई. हिरवं लुगडं, कपाळावर हळदीकुंकवाचा जाड थर, मांडीवर नारळ. सत्कार आधीच उरकला होता, कारण प्रमुख पाहुण्यांना पुढं अजून दोन ठिकाणी जायचं होतं. मी शेजारी बसले तेव्हा त्यांनी नारळ माझ्याकडं दिला. "धरा वाईच. हात अवघडला."

पडद्यावर शर्यत सुटली. साठ-सत्तर बायका एका रुंद रस्त्यावरून सांडल्यासारख्या निघाल्या. त्यात निळ्या बनियनमधली मंगल कुठं होती, देव जाणे. पहिल्या दहा मिनिटांतच माझ्या लक्षात आलं, की मांडव घालणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार केलेला नाही. कॅमेरा फक्त पुढच्या आठ-दहा जणींबरोबर धावतो. मागच्यांचं काय चाललंय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

मांडव घालणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांना हे उशिरा कळलं. ते पांढऱ्या कपड्यांतले, घामेजलेले, मनानं वाईट नसलेले गृहस्थ होते.

"बिरा, आपली ताई कुटं हाय?"

"मागं हाय."

"मग दाखवत का न्हाईत?"

"मागं हाय म्हणून."

अध्यक्षांनी पडदेवाल्याकडं रागानं पाहिलं. तोही काय करणार? मग त्यांनी माइक घेतला आणि भाषणं पुन्हा सुरू झाली. तिकडं केनिया आणि इथिओपियाच्या बायका हरणासारख्या पळत होत्या आणि इकडं एकजण तालुक्याच्या क्रीडासंकुलाचा इतिहास सांगत होता. तो इतिहास मला थोडाफार ठाऊक आहे. अजून पाया खणायचा आहे.

बिराच्या फोनवर मात्र मंगल होती. दर पाच किलोमीटरला तिच्या नावापुढं नवा आकडा उमटायचा. पाच, दहा, पंधरा. बिरा मागून वाकून आईच्या कानात सांगायचा, "पोचली." हिराबाई मान हलवायच्या आणि पुन्हा पडद्याकडं बघायच्या. त्यांना पुढच्या बायकांत काही रस नव्हता. त्या रस्त्याच्या कडेची टेबलं बघत होत्या.

निम्मी शर्यत झाली तोवर खुर्च्याही निम्म्या झाल्या होत्या. मला बसवेना. मी दोनदा उठून मांडवाच्या कडेला गेले, दोनदा परत आले. कुणीतरी हातात भज्यांचा कागद दिला, तो मी कुणालातरी दिला.

आणि मग ती दिसली. रस्ता जाऊन-येऊन होता. पुढच्या बायका वळसा घेऊन परत फिरल्या आणि पलीकडच्या बाजूनं मागच्या सामोऱ्या आल्या. निळी बनियन, काळी वेणी, एका बाजूला किंचित झुकलेली मान. दोन-तीन श्वासांपुरतीच. मांडव उसळला. शिट्ट्या, टाळ्या, अध्यक्षांनी माइकवरून 'भारतमाता की' म्हणायच्या आत बाहेर फटाक्यांची माळ लागलीसुद्धा. बिरा हसत होता. मीही टाळ्या वाजवत होते.

हिराबाईंनी माझ्या मनगटाला धरलं. "टेबल गेलं," त्या म्हणाल्या. "न्हाय घेतलं."

"काय?"

"मोकळा हात हुता तिचा. टेबल मागं गेलं, मोकळाच हात."

मी पुन्हा पडद्याकडं पाहिलं, पण तिथं पुन्हा केनिया होती. त्या उठल्या. पुढाऱ्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून, लुगड्याचा काठ सावरत सरळ मांडवाबाहेर. नारळ हातात घेऊन मी त्यांच्यामागं.

त्यांचं घर गावाबाहेर माळाच्या तोंडाशी आहे. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं छप्पर, बाजूला वाघर (मेंढरांभोवती लावायची जाळी). बिराची बायको खांडवा घेऊन रानात गेली होती. हिराबाई झपाझप पुढं चालत होत्या, आणि मी जवळजवळ पळत होते. अंगणात येऊन त्या बसल्या, उठल्या, चुलीकडं गेल्या, परत आल्या.

"कोचला लाव," त्यांनी मागून आलेल्या बिराला सांगितलं.

"लावला आई. उचलत न्हाईत. तेबी रस्त्यावर असत्याल."

"मग कुणालाबी लाव. तितं कुणीतरी आसंल की हाक मारायला."

बिरानं पुन्हा कोचना लावून पाहिला. तीस किलोमीटरचा आकडा उमटला. वेग उतरलेला. बिरानं तो वाचला, पण 'पोचली' म्हणाला नाही. गेल्या वर्षी इथूनच पुढं सगळं झालं होतं.

मग पस्तिसाची वाट. आधीच्या हिशेबानं तो आकडा यायची वेळ झाली, टळली. मंगलच्या मागून येणाऱ्या बायकांचे आकडे एकेक उमटू लागले. मंगलची ओळ तशीच. बिरा अंगणात फोन वर धरून फिरू लागला, रेंजचा दोष असावा अशा आशेनं. रेंज चांगली होती.

हिराबाईंनी मला माडगं (हुलग्याच्या पिठाची गूळ घातलेली पातळ पेज) दिलं. "खावा," त्या म्हणाल्या, "तुमी सकाळपासनं उपाशी." मी एक घोट घेतला आणि वाटी धरून बसले. त्या स्वतःशी बोलावं तसं बोलत होत्या. "ल्हान असताना एकदा पाणवठ्याच्या आधी प्याली हुती. लई बोलले तिला. लई. मेंढरं तान्हेली हायती न् तू पितीस व्हय, म्हणून."

"आई," बिरा म्हणाला.

"आता तितं काय मेंढरं हायती व्हय."

"आई. आली. पस्तीस आलं."

आम्ही तिघंही फोनवर वाकलो. आकडा होता. फार मागं, पण होता. आणि नंतरची गंमत अशी, की चाळिसाचा आकडा लवकर आला. ती पुन्हा वेगानं पळत होती. बिराला ते पटेना. त्यानं स्क्रीन पुसून पाहिली.

मंगल शेवटच्या काही जणींत आली. पण पूर्ण पळून आली.

तासाभरानं तिचा फोन आला. तोवर अध्यक्षही दोन माणसांसह अंगणात पोचले होते. अभिनंदन करावं की सांत्वन, हे त्यांच्या चेहऱ्याचं अजून ठरत नव्हतं. बिरानं फोनचा आवाज मोठा केला.

"प्यालीस का?" हिराबाईंनी विचारलं. बाकी काहीच नाही.

"प्याले," मंगलचा आवाज बसलेला होता. "पळताना घशाखाली उतरंना गं आई. किती येळा बाटली उचलली न् टाकली. मग पुढच्या टेबलाला थांबले."

"थांबलीस?"

"हुभी राहिले. सगळ्या निघून गेल्या. तितल्या बाया म्हणत हुत्या, जा, जा. मी म्हणलं थांबा वाईच. हुभं राहून पोट भरंपत्तुर प्याले. मग निघाले."

अध्यक्षांना राहवलं नाही. "ताई, अभिनंदन. पण थांबली नसतीस तर अजून आठ-दहा जणी मागं टाकल्या असत्यास की."

उत्तर हिराबाईंनी दिलं. आवाज न चढवता. "थांबली म्हणून घरला येती, अध्यक्ष. बसा, च्या घ्या."

ते बसले. बसताना टोपी काढून त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "तेबी खरंच हाय म्हणा." माझं त्यांच्याविषयीचं मत तिथं जरा बदललं.

चारच्या बसनं परत निघाले. चौकात फ्लेक्स उतरवणं चालू होतं, दुसऱ्या कुणाचा वाढदिवस आला होता. मोठ्या शर्यतींचं मी आजवर जे वाचलं होतं, त्यात माणसं वेदना गिळून पळत राहतात, रक्ताळलेल्या पायांनी पोचतात, आणि आपण त्यांना वीर म्हणतो. साऱ्या जगासमोर रस्त्याकडेला उभं राहून, 'जा, जा' म्हणणाऱ्यांना 'थांबा वाईच' सांगून पाणी पिणारी कुणी त्यात आढळल्याचं मला आठवेना. अशा थांबण्यासाठी मांडव कुणी घालणार नाही, आणि तसं बरंच आहे.

घरी पोचले तेव्हा शेजारच्या कुलकर्णी वहिनी दार उघडत होत्या. "आलात का? कितवी आली तुमची?"

मी नंबर सांगितला.

"अरेरे," त्या म्हणाल्या. "मग एवढा प्रवास कशाला केलात?"

मी जिन्यातच सांगायला लागले. मेंढरं, पाणवठा, टेबलावरून गेलेला मोकळा हात, अंगणात न येणारा आकडा. पस्तिसापाशी मला धाप लागली आणि मी जरा थांबले. वहिनींची किल्ली कुलपात तशीच होती. नंबराचं त्या विसरल्या होत्या.

"अहो, थांबलात काय," त्या म्हणाल्या. "प्यायली का ती पाणी?"