किनारीची दुपार

रविवार, १२ ऑक्टोबर. दिवाळीच्या आधी सागवानी दारांना जवसाचं तेल लावायचं, हे आमच्या अकोल्याच्या घरातलं ठरलेलं काम. वाटीत तेल, जुन्या धोतराचा बोळा, आधी पुढचं दार, मग मधलं, आणि शेवटी बैठकीच्या भिंतीवरचं चित्र. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी हाच क्रम शिकवला. या रविवारीही दारं झाली आणि बोळा घेतलेला हात सवयीने भिंतीकडे गेला. तिथे नुसता खिळा होता. चित्र दोन वर्षांपासून अमरावतीला, माझ्या भासऱ्यांकडे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ सुधाकर यांच्या खोलीवर होतं. आणि भाऊजींना जाऊन दीड महिना झाला.

पोळ्याच्या आठवड्यात त्यांच्या घरमालकीण मंदाताईंचा फोन आला होता. रडत नव्हत्या, पण एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत होत्या : "शैलाताई, ते सकाळी बोलत नसत ना हो, म्हणून मी हाक नाही मारली..." ते खरं होतं. भाऊजी दुपारी बाराच्या आत कोणाशी बोलत नसत. चहा नाही, फोन नाही, दारावरच्या माणसालाही हातानेच 'नंतर या'. त्या दिवशी दुपार उलटली तरी आतून आवाज आला नाही, तेव्हा मंदाताईंनी दार लोटलं. भाऊजी खिडकीपाशी खुर्चीत बसलेले होते. समोर चित्र, हातात कापूस गुंडाळलेली बांबूची काडी. डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेले असावेत.

भाऊजी चित्रकलेचे शिक्षक होते. आधी तिवस्याला, मग अमरावतीला. लग्न केलं नाही. स्वतःची चित्रं फारशी काढली नाहीत. काढली ती बरी नव्हती, आणि हे ते स्वतःच सांगत. त्यांनी आयुष्य दिलं ते दुसऱ्याच एका माणसाला. विठोजी रंगारी त्याचं नाव. एकोणिसाव्या शतकातला, बार्शीटाकळीकडच्या कापड रंगवणाऱ्या घरातला. मुंबईला जाऊन चित्रकला शिकला, इकडे रेल्वे येत होती तेव्हा साहेब लोकांसाठी पुलांचे आणि स्टेशनांचे नकाशे काढायला परत आला आणि मग इथेच राहिला. जिनिंगवाले आणि मोठे शेतकरी त्याला आपापले चेहरे काढायला बोलवत. हा चेहरे काढायचा कंटाळा करी आणि त्यांची वावरं काढून देई. देव नाही, राजा नाही, नुसती काळी जमीन, एखादं झाड, नाला आणि वर आभाळ. जाड्याभरड्या कापडावर. त्याची चित्रं आज बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यातलं एक आमच्याकडचं, तेल्हाऱ्याच्या आमच्या वावराचं. सासऱ्यांच्या आजोबांनी "माझं चित्र काढ" म्हणून त्याला बोलावलं आणि त्याने हे हातात ठेवलं, असं घरात सांगतात. आजोबा बराच काळ त्याच्याशी बोलत नव्हते म्हणे. पण चित्र भिंतीवर लागलं, आणि ज्या दिवाळीला दारांना तेल लागलं, त्या दिवाळीला त्यालाही लागलं. लाकूड तेलाने टिकतं, तर कापडही टिकेल, असा साधा हिशेब. ज्या ज्या घरात विठोजीचं चित्र होतं तिथे हेच होत असे, कारण जवस सगळ्यांच्याच शेतात होता आणि दिवाळी सगळ्यांकडेच यायची.

मी पाहिलं तेव्हा ते चित्र तपकिरी-काळं होतं. झाड ओळखू यायचं, बाकी सगळी तिन्हीसांज. भाऊजींना ती सांज फार प्रिय. त्यांनी विठोजीवर एक पुस्तिका लिहिली, स्वतःच्या खर्चाने छापली, तिचं नावच 'सांजेचा चितारी'. उतरत्या उजेडाची उदासी, दिवसभर राबून थकलेली माती, असं बरंच त्यात होतं. सुरेख लिहिलं होतं. शाळाशाळांतून भाषणं देत. मला त्यातलं सगळं कळत नसे. माझं शिवणकामाचं दुकान, मला कापडातलं कळतं.

मग आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हयातीतच चित्राच्या फ्रेमला वाळवी लागली. भाऊजी आणि मी ते रिक्षात घालून फ्रेमवाल्या युसुफभाईंकडे नेलं. युसुफभाईंनी मागचे खिळे उपटले, चारही पट्ट्या सोडवल्या आणि जुन्या लाकडाला शिव्या देतादेता मध्येच थांबले.

"सर, जरा देखो तो. हे काय होय? किनारीले तं दुपार हाय."

फ्रेमच्या खाचेखाली चारी बाजूंनी बोटभर रुंदीची पट्टी झाकलेली होती. तिथे तेलाचा हात कधी पोचलाच नव्हता. वरच्या पट्टीत आभाळ पांढरंफटक, डोळ्यांना लागेल असं. खालच्या पट्टीत माती काळी नव्हे, तर भाजून राखी पडलेली, भेगांसकट. मे महिन्यात तेल्हाऱ्याला दुपारी बारा वाजता दिसते तशीच.

भाऊजी त्या पट्टीवर वाकून बघत राहिले. युसुफभाईंनी चहा मागवला, तो गार झाला. परत येताना रिक्षात एवढंच म्हणाले, "शैला, ऊन काढाले उन्हात बसा लागते. तो तिथं डोक्यावर ऊन घेऊन बसला असन... अन् मी सांज, सांज करत राहिलो."

घरी आल्यावर त्यांनी आईंना सांगितलं, आता तेल बंद. आई खाटेवर शेंगा फोडत होत्या.

"काहून?"

"तेलानं काळं झालं ते, आई. मुळात दुपार होती."

"म्हंजे एवढ्या वर्साची सांज आमी केली?"

"हो."

"मंग तुह्या पुस्तकात माह्यं नाव काहून नाही टाकलं?" आई म्हणाल्या आणि शेंगा फोडायला लागल्या.

आम्ही हसलो. पण भाऊजींनी ते मनावर घेतलं. अमरावतीच्या एका कार्यक्रमात, जिथे त्यांना सांजेबद्दलच बोलायला बोलावलं होतं, त्यांनी उभं राहून सांगितलं : "मी इतकी वर्षं ज्याची वाहवा केली, ते विठोजीचं काम नव्हतं. ते आमच्या घरच्या बायांच्या हातचं होतं." उरलेल्या पुस्तिका त्यांनी नंतर कोणाला दिल्या नाहीत. विठोजीची चित्रं असलेल्या बाकीच्या घरी जाऊन तेल लावू नका म्हणून सांगत फिरले. बार्शीटाकळीच्या एका म्हाताऱ्याने त्यांना ओट्यावरच अडवलं. "मास्तर, तुमीच तं मांगं सांगून गेलते, हा सांजचा चितारी हाय म्हणून. आता दुपार झाली. पुढच्या साली सकाळ कराले येसान का?" भाऊजी हे स्वतःच रंगवून सांगत आणि हसत. पण एखादा माणूस आपलं अर्धं आयुष्य असं चारचौघांत मागे घेतो, हे मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिलेलं नाही.

आईंनी मात्र तेल थांबवलं नाही. "मी हाय तोवर लावीन, मंग तुमचं तुमी पाहा." त्यांना उठवेना तेव्हा त्या खाटेवरून सांगत आणि मी लावत असे. भाऊजी दिवाळीला आले की ते बघत, पण अडवत नसत. आई गेल्यावर वर्षश्राद्ध झालं, मी चित्र भिंतीवरून काढलं, चादरीत गुंडाळलं आणि अमरावतीला नेऊन त्यांच्या खोलीत ठेवलं. "घ्या, करा तुमची दुपार," एवढंच मी म्हणाले. ते चित्राकडे बघत राहिले आणि मग मला कापूस मागितला. दुकानातल्या पुडीतला नको, आपल्या वावरातला, हाताने सरकी काढलेला. तेव्हापासून दर महिन्याला मी पिशवी पाठवत होते.

त्यांची पद्धत ऐकून आई असत्या तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. वरची काजळी काढायची ती थुंकीने. काडीला कापूस गुंडाळायचा, तोंडात ओला करायचा आणि चण्याएवढ्या जागेवर हलकेच फिरवायचा. काळा झाला की टाकायचा, नवा घ्यायचा. सकाळची थुंकी चांगली, चहाच्या आधीची. आणि बोललं की तोंड कोरडं पडतं, म्हणून बोलायचं नाही. हे ते नागपूरच्या एका बाईंकडून शिकले होते, ज्या जुनी चित्रं दुरुस्त करतात. काजळीखालचा तेलाचा थर त्या बाईंनी दिलेल्या औषधाने काढायचा, तोही त्यांना विचारून. मलाही त्यांनी काडी धरायला शिकवली. "थुंकीच्या पुढचं काम तुह्यं नाही, हे ध्यानात ठेव," म्हणाले. डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी खडूने एक चौकोन आखला होता. तो साफ करायचा नाही. तो आईचा.

झाडाखाली काय आहे, यावरून आमच्यात वाद होता. काळ्यात एक गडद गोळा दिसतो. आई म्हणत, बसलेला बैल. भाऊजींना वाटे, ते सासऱ्यांचे आजोबाच असतील. विठोजीने त्यांचं चित्र काढलं, पण सावलीत, एवढंसं. आई हे ऐकून म्हणाल्या होत्या, "पाह्य रे बापा, मी तं त्याहिले बैल म्हणून तेल लावून राहिली." आभाळ उजळत आणत भाऊजी झाडाच्या शेंड्यापर्यंत पोचले होते. खाली उतरायचे होते.

मंदाताईंना खोली हवी होती, म्हणून रविवारीच दुपारी आम्ही दोघं अमरावतीला गेलो. खोली आवरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी चित्र घरी आलं आणि मी ते जुन्या खिळ्याला अडकवलं. वर एका बाजूला पांढरं ऊन, बाकी सगळा अंधार. मध्ये जिथे त्यांची काडी थांबली, तिथे वेडीवाकडी कड.

यजमान बराच वेळ बघत होते. त्यांनाही भाऊ गेल्याचं दुःख आहे, ते बोलून दाखवत नाहीत. "दिवाळीले पाहुणे येतील," ते म्हणाले. "हे असं अर्धवट... सारखं डोळ्यात येते. तेल काढलंच हायेस तं एक हात फिरवून टाक ना. एकसारखं दिसन."

वाटी ओट्यावर तशीच होती, बोळा त्यातच. एक हात फिरवला असता तर वरचं आभाळ एकदम नाही, पण वर्ष-दोन वर्षांत पुन्हा सांजावलं असतं. उरलेलं सगळं तेल मी मागच्या दाराला दोनदा चोपडून संपवलं, वाटी घासली आणि बोळा चुलीत टाकला.

सकाळी चित्र उतरवून पूर्वेच्या खिडकीशी खुर्चीवर टेकवलं. नागपूरच्या बाईंना दुपारी फोन करायचा, हे ठरवलं होतं. काडीला कापूस गुंडाळला. झाडाच्या शेंड्याच्या खाली, भाऊजींनी सोडलं होतं तिथून सुरुवात केली. कापूस लगेच काळा झाला. दुसरा घेतला.

"चहा काहून नाही झाला आज?" स्वयंपाकघरातून यजमानांनी विचारलं. मी हातानेच 'नंतर' म्हटलं. ते दारात आले, माझ्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, आणि परत जाऊन त्यांनी स्वतःच आधण ठेवलं.