हंसिणीला ग्रहण पाळायला लावलं

हंसिणीला ग्रहण पाळायला लावलेलं कुणी ऐकलंय का? आमच्या घरात लावलं!

पंचवटीतल्या आमच्या परसात साप फार निघायचे, म्हणून नव्वदच्या दशकात बाबांनी कुठूनशी हंसांची जोडी आणली. हंस असले की साप फिरकत नाहीत म्हणे. साप यायचे थांबले की नाही देव जाणे, पाहुणे यायचे मात्र थांबले. येईल त्याच्या पोटऱ्या धरायचे मेले!

एका वर्षी हंसीण कढीपत्त्याखाली अंड्यांवर बसली. आमचं घर अंड्याचं नावही न घेणारं, पण काकूला कोण आनंद! तिला मूलबाळ नव्हतं. ती हंसिणीपुढे भिजवलेले गहू ठेवायची, तिच्याशी बोलत बसायची. "पिल्लं मीच वाढवणार, कुणी मध्ये यायचं नाही," असं तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

पिल्लं निघायला थोडेच दिवस उरले आणि सूर्यग्रहण आलं. आमच्याकडे गरोदर बाईने ग्रहणात चिरायचं-कापायचं नाही, अंधाऱ्या खोलीत बसून राहायचं. "मग हिला नको का जपायला? कुठे काही चुकायला नको बाई," म्हणत काकूने वेध लागायच्या आत अंडी टोपलीत घेतली, हंसिणीला काखेत मारलं आणि दोन्ही अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवलं. खिडकीवर गोणपाट लावलं, दाराला बाहेरून कडी घातली.

अरे देवा, तो आरडाओरडा! हंसीण आतून दारावर नुसती धडका देत होती. काकू बाहेर कानांवर हात ठेवून बसली होती. ग्रहण सुटेपर्यंत दार उघडायचं नाही म्हणजे नाही!

ग्रहण सुटल्यावर तिने कडी काढली. दोन अंडी तुडवली गेली होती. एकातून पिल्लू बाहेर आलं होतं, पूर्ण वाढ झालेलं, चोचीसकट, डोळे मिटलेलं. मी हबकलेच. बाकीची गार पडलेली अंडी काकूने परत कढीपत्त्याखाली नेऊन ठेवली. हंसीण आली, बघून न बघितल्यासारखं केलं आणि नळाकडे निघून गेली. ती पुन्हा बसलीच नाही.

पुढे अंड्यांना वास यायला लागला, तेव्हा काकूनेच खड्डा खणायला घेतला. आई मागच्या दारात उभी होती. म्हणाली, "खिडकी नीट झाकली नसशील. तुझं तेव्हाही असंच झालं होतं."

तेव्हा? कधी? मी कॉलेजात जाणारी घोडी, आणि काकूला कधी दिवस गेले होते हे मला ठाऊकच नव्हतं!

काकूने फावडं टाकलं. आईपुढे कधी मान वर न करणारी ती काकू!

"ताई, मी तेव्हा काहीसुद्धा चिरलं नव्हतं. माझंच काही चुकलं, असं इतकी वर्षं मानत आले. तुम्हीच मला त्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली होती. पोटात दुखतंय म्हणून मी ओरडत होते."

आई हे खोटं आहे म्हणेल, म्हणून मी तिच्याकडे बघत राहिले. तिने आत जाऊन मागच्या दाराला कडी घातली.