गल्लीतला काता

"बेल्ट सोड," सर म्हणाले.

धुळ्यात एका शाळेच्या मैदानावर आमचा कराटेचा क्लास भरायचा. माझा काता चुकला होता. काता म्हणजे हातापायांच्या चालींची ठरलेली मालिका, ती तोंडपाठ लागते. मी डावीकडे वळायच्या जागी उजवीकडे वळले. इतर मुलीही चुकायच्या. त्यांचे गुडघे सर हाताने वळवून द्यायचे. माझे काठीच्या टोकाने.

मी पिवळा बेल्ट सोडायला लागले. गाठ घामाने घट्ट झालेली. सुटेना. मुली हसल्या.

"पाठांतर रक्तात लागतं," सर म्हणाले. "तुमच्या वस्तीत ते कुठून येणार? हाणामारी येते तेवढी पुरे."

मला माझीच लाज वाटली. आज ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

बेल्ट मी परत मिळवला. पुढचेही मिळवले. ब्राऊन बेल्ट झाल्यावर आमच्या वस्तीत, विहाराच्या अंगणात पोरींना शिकवायला लागले. परीक्षा मात्र सरांच्याच हातात.

मंगल त्यातली एक. कापूस वेचून आलेली, हात ओरखडलेले. एकेक ठोसा असा की बघत राहावं. पण चाली ओळीने लावल्या की गोंधळ.

"ताई, मना ध्यानमा ऱ्हात नही," म्हणाली आणि रडायला लागली.

"पाणी लेवाले जास, तव्हय वाट चुकस का?" मी विचारलं.

ती हसली. तिथून काता गल्लीत उतरला. घरातून निघायचं. डावीकडे हातपंप, तिथे वार अडवायचा. मागे वळून गिरणी, तिथे ठोसा. कोपऱ्यावर चावरं कुत्रं, तिथे लाथ. मग फिरून घर. काता जिथे सुरू होतो तिथेच संपतो. पोरींना हे समजावून सांगावं लागलं नाही.

परीक्षा जळगावला एका हॉलमध्ये होती. मंगल ओठांत पुटपुटत निघाली. पंप. गिरणी.

"तोंड बंद!" सर ओरडले. "इथे गिरणी नाही."

ती मध्येच थांबली. सर माझ्याकडे वळले. "सांगितलं होतं ना? रक्तात लागतं."

तेच वाक्य. तोच हशा, आता हॉलभर. मंगलचा हात स्वतःच्या बेल्टच्या गाठीकडे गेला आणि माझं डोकं फिरलं.

"मंगल, हात काढ तिथून! घरमाईन निंघ!"

ती निघाली. मी ओरडत राहिले. "आते पंप! आते गिरणी!" कुत्र्यावरच्या लाथेला हशा थांबला. ती घरी पोचली. एकही चाल चुकली नाही.

"नापास," सर म्हणाले. "बाहेरून सांगितलेलं चालत नाही."

इतर मुलींना ते स्वतः जपानी आकडे ओरडून साथ देत होते. ते चालत होतं.

मी माझा ब्राऊन बेल्ट सोडला. या वेळी गाठ पटकन सुटली. तो त्यांच्या टेबलावर ठेवला.

"बेल्टशिवाय तुला कोण विचारणार?"

मी पोरींना घेऊन एसटीत बसले.

अंगणात क्लास अजून भरतो. कमरेला ओढणीची गाठ, बेल्ट कोणालाच नाही. जी विसरेल तिला मी पुन्हा घरापासून निघायला सांगते. तिच्या कमरेची गाठ मी सोडायला लावणार नाही. आणि कोणी 'सोड' म्हणत आला, तर त्याला अंगणात पाय ठेवू देणार नाही.