आप्पांच्या मनगटाचा पाना

परवा माझ्या गॅरेजसाठी हवेवर चालणारा पाना घ्यायला दौलतगंजाच्या बाजारात गेलो. दुकानदाराने नळी जोडताच फुस्स झालं, आणि मी मनाने माझ्या तरुणपणीच्या नोकरीत, संस्थानच्या मोटारखान्यात जाऊन उभा राहिलो.

पाने फिरवून फिरवून आप्पा मिस्त्रींचं मनगट अधू झालं होतं. मोटारखान्याचे साहेब म्हणाले, "हवेच्या पान्यावर जमलं तर राहतील, नाहीतर घरी." पान्याची निवड माझ्याकडे आली. हिसका न देणारा छोटा, हलका रॅचेट पाना सोडून मी बंदुकीसारखा दिसणारा भारी पाना मागवला. रुबाब हवा होता, तोही माझा!

पहिल्याच नटावर पान्याने हिसका दिला आणि तो आप्पांच्या हातून पडला.

"बबन, हात तर माझा होता ना रे?" एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

"बाबूजी, बड़ा वाला लीजिए," दुकानदाराच्या आवाजाने मी भानावर आलो.

मी गॅरेजमधून सोबत आणलेल्या मिस्त्रीला पुढे केलं. "पहले इसे पकड़ने दो."