अव्वाच्या गोळ्या

अप्पांचं जेवण झाल्याशिवाय आमची अव्वा, म्हणजे आई, जेवायला बसायची नाही. बसायची तीही त्यांच्याच उष्ट्या ताटात. लग्न होऊन दुधनीहून सोलापुरात आली तेव्हा सासूने लावून दिलेली ही सवय. मी त्यावरून कित्येकदा भांडले. ती हसून म्हणायची, एक ताट घासायचं वाचतं की.

तिचं पोट वर्षानुवर्षं दुखायचं. अप्पांचं निदान ठरलेलं, पित्त. शेंगाचटणी कमी खा म्हणायचे आणि स्वतः आणखी वाढून घ्यायचे. शेवटी मीच तिला सात रस्त्याजवळच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. त्यांनी तोंडातून दुर्बीण घातली, तुकडा तपासायला पाठवला. जठराचा लिम्फोमा निघाला, म्हणजे कॅन्सरच. पण डॉक्टर म्हणाले, हा पोटातल्या एका जंतूमुळे होतो आणि लवकर सापडलाय. जंतू मेला तर बहुतेक वेळा गाठही विरते. दोन आठवडे गोळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. नुसत्या गोळ्यांनी आई वाचणार म्हणून मी तिथंच रडले.

काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. जंतू तसाच होता आणि आजार खोल गेला होता. गोळ्या नीट घेतल्या का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा अव्वा पदराशी चाळा करत राहिली. रिक्षात मला म्हणाली, "निम्म्या ह्यांना दिल्या. त्यांना बी जळजळतंय की. घरात औषध असताना एकटीनं कसं खायचं?"

आयुष्यभर पहिला घास त्यांचा, तसं औषधही त्यांचंच. मी घरी येऊन अप्पांना तोंडावर सुनावलं.

"तिनंच दिल्या. मी मागितल्या व्हय?" एवढं बोलून त्यांनी भाकरी मोडली.

दुसऱ्या गोळ्यांनी जंतू मेला, पण गाठ काही हटेना. केमो सुरू झाली. डॉक्टरांनी अप्पांनाही तपासलं, तोच जंतू निघाला. त्यांनाही गोळ्या दिल्या. अप्पांनी लगेच मोबाइलवर गजर लावला. गजर झाला की केस गेलेली अव्वा भिंत धरून उठायची, त्यांच्या हातावर गोळी ठेवायची, तांब्या द्यायची आणि मग मोरीत जाऊन ओकायची. एकदा मी तिच्या हातातलं पाकीट हिसकावलं.

"असू दे," ती म्हणाली. "ह्यांचा तरी कोर्स पुरा होऊ दे."

तो पुरा झाला. अव्वा गेली. अप्पा ठणठणीत आहेत, परवाच म्हणाले, चटणीला तिखट कमी पडतंय. त्यांना मी वाढते. ताट मात्र त्यांनाच घासायला लावते.